भोंगा थांबल्यावरही टिकतील अशा सवयी: चाळिशी ओलांडलेल्या कामगार-नोकरदारांसाठी

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, मोल्डिंगवर असलेला माणूस दिवसभरात किती चालतो, किती वाकतो, किती वेळा ओझं उचलतो याचा हिशेब त्याच्याकडे नसतो. ठेवायची गरजही पडत नाही, कारण ते सगळं पगाराच्या कामातच होऊन जातं. बँकेतली कारकून बाई बसस्टॉपपर्यंत जाते, दोन जिने चढते, दुपारी चौघींबरोबर डबा उघडते. मग ५८ किंवा ६० वर्षं भरतात, नारळ-शाल मिळते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यातलं काहीही उरत नाही. चालणं जातं, जिना जातो, ठरलेली जेवणाची वेळ जाते, चार माणसंही जातात.

निवृत्तीनंतर तब्येतीकडे बघू असं ठरवणाऱ्यांचं गणित इथंच चुकतं. नोकरीनं दिलेली हालचाल ही नोकरीची असते, आपली नसते. स्नायू तर तिशीनंतरच दर दहा वर्षांना साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटू लागतात आणि साठीनंतर ही घट वाढते. त्यामुळं साठीत सुरुवात करणारा माणूस मोकळ्या हातानं नव्हे, कर्ज घेऊन सुरुवात करतो.

उपाय असा, की प्रत्येक सवय दोन खुंट्यांवर टांगायची. एक खुंटी कामाच्या ठिकाणची, दुसरी घरची. पहिली उपटली तरी सवय दुसरीवर लटकून राहिली पाहिजे. खाली जे काही सांगितलं आहे ते या एका कसोटीवर तपासून घ्या.

पहिले आठ दिवस: काही बदलायचं नाही, फक्त लिहायचं

एक छोटी वही घ्या आणि रोज रात्री पाच ओळी लिहा. चहा किती कप आणि त्यात साखर किती चमचे. सलग सर्वांत जास्त वेळ किती बसलो किंवा एका जागी किती उभं राहिलो. झोप किती तास. तंबाखू, मावा, मिश्री, सिगारेट किती वेळा. दुखलं काय आणि कधी. मोबाइलवर पावलं मोजली जात असतील तर तो आकडाही लिहा. पण फोन लॉकरमध्ये ठेवावा लागत असेल तर कामावरची पावलं त्यात येणार नाहीत, हे लक्षात असू द्या.

याच आठवड्यात घरी चार मोजमापं करा.

१. खुर्चीची चाचणी. हात नसलेली, साधारण १७ इंच उंचीची टणक खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा. ६० ते ६४ वयाच्या पुरुषाला १४ पेक्षा आणि स्त्रीला १२ पेक्षा कमी वेळा जमलं तर ते त्या वयाच्या मानानं कमी धरतात. तुम्ही पंचेचाळिशीत असून आकडा याच्या आसपास असेल तर पाय तुमच्या आधीच निवृत्त व्हायला निघालेत.

२. एका पायावर उभं राहणं. ओट्याशेजारी उभं राहून, हात न लावता, १० सेकंद. दोन्ही पायांवर वेगवेगळं बघा.

३. कंबर. बेंबीच्या पातळीला, श्वास सोडून, टेप न आवळता. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही सावध होण्याची रेघ.

४. रक्तदाब. चुका सगळ्यांत जास्त इथंच होतात. जिना चढून आल्या-आल्या, चहा पिऊन किंवा मावा तोंडात असताना मोजलेला आकडा निरुपयोगी. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकवून आणि दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं, दंड छातीच्या पातळीला टेबलावर ठेवायचा. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा. घरी वारंवार १३५/८५ किंवा जास्त येत असेल तर डॉक्टरांकडे जा. १८०/१२० च्या वर असेल तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. तेवढाच आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सोबत छातीत दुखणं, दम लागणं, बोलताना अडखळणं किंवा हातापायातली ताकद जाणं असेल तर थेट दवाखान्यात.

खुंटी कशी निवडायची

'रोज व्यायाम करणार' ही सवय नव्हे, तो संकल्प झाला, आणि संकल्पाला खुंटी नसते. 'दात घासताना एका पायावर उभा राहणार' ही सवय, कारण दात घासणं आजही आहे आणि सत्तरीतही असेल. 'चहाच्या सुट्टीत कॅन्टीनला लांबच्या दारानं जाणार' हीसुद्धा सवयच, पण तिला एकच खुंटी आहे. तिच्या जोडीला 'रात्रीच्या जेवणानंतर गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येणार' ही घरची खुंटी ठोकली की जोडी पूर्ण होते.

एका वेळी एकच सवय लावा. २१ दिवसांत सवय लागते हे ऐकून खूपजण बावीसाव्या दिवशी निराश होतात. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला आणि माणसामाणसांत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही असंही दिसलं. म्हणून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज एक टिंब काढा आणि एकच नियम पाळा: सलग दोन दिवस कोरे जाऊ द्यायचे नाहीत. एक दिवस गेला तर गेला.

पाय आधी

ज्या गावात १९१२ साली राजर्षी शाहूंनी खासबागेचं कुस्तीचं मैदान बांधून घेतलं आणि जिथं गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमी आजही घुमतात, तिथं जोर-बैठकांचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पण तालमीचा वारसा पन्नाशीत उलटाही पडतो. विशीत ज्यानं पाचशे बैठका मारल्या तो वीस वर्षांच्या खंडानंतर एकदम शंभरला हात घालतो, तिसऱ्या दिवशी गुडघा सुजतो, आणि 'आता वय झालं' म्हणून सगळं बंद. दोष वयाचा नसतो, उडीचा असतो. वजन पेलायची ताकद स्नायूंना काही आठवड्यांत येते, पण कंडरा आणि सांध्यांना जास्त वेळ लागतो. आकडा हळूहळूच वाढवायचा.

आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस मोकळा सोडून, हा संच करा. वीस-पंचवीस मिनिटं पुरतात.

खुर्ची-बैठक: दोन पायांत खांद्यांएवढं अंतर, टाचा जमिनीवर. तीन मोजत खाली या, खुर्चीला नुसता स्पर्श करा, एक मोजत उभे राहा. ८ ते १२ वेळा, मग दीड-दोन मिनिटं थांबा. असे दोन फेरे, महिन्याभरानं तीन. शेवटच्या दोन बैठकांना खरोखर जोर लागला पाहिजे. लागत नसेल तर व्यायाम हलका झालाय. तीन फेरे दोनदा सहज झाले की पाच लिटरचा पाण्यानं भरलेला कॅन छातीशी धरा, म्हणजे पाच किलोंची भर पडली. इथली नेहमीची चूक म्हणजे धप्पकन खाली बसणं. सावकाश उतरण्यातही ताकद तयार होते आणि पुढं जिना उतरताना तीच कामी येते.

ओट्यावरचे जोर: जमिनीवर जोर जमत नसतील तर स्वयंपाकाच्या ओट्यावर किंवा घट्ट टेबलावर हात ठेवून मारा. अंग डोक्यापासून टाचेपर्यंत एका रेषेत, कंबर लोंबू द्यायची नाही. तेवढेच वेळा, तेवढेच फेरे.

पिशवी ओढणं: एक हात खुर्चीवर टेकून पुढं झुका, दुसऱ्या हातानं पाच किलोंची पिशवी कंबरेपर्यंत ओढा. दिवसभर पुढं वाकून काम करणाऱ्यांना, म्हणजे लेथवाल्यापासून गुजरीतल्या सोन्याच्या कारागिरापर्यंत सगळ्यांना, हा व्यायाम सर्वांत जास्त लागतो आणि सर्वांत कमी केला जातो.

टाचा उचलणं: ओट्याला बोटं टेकून १५ वेळा, दोन फेरे. सोपं झालं की एका पायावर.

दुखण्याचा नियम साधा आहे. स्नायू दोन दिवस ठणकले तर चालेल. सांध्यात चमक निघाली, सूज आली किंवा दुसऱ्या दिवशी चालताना लंगडावं लागलं तर पुढच्या वेळी उंच खुर्ची घ्या आणि आकडा निम्मा करा. हृदयविकार, काबूत नसलेला रक्तदाब किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. उठताना श्वास कोंडून धरू नका, रक्तदाब त्यानं एकदम चढतो.

दिवसभर घरकाम करणाऱ्या आणि नोकरीही करणाऱ्या बाया म्हणतात, आमचा व्यायाम घरातच होतो. दमणूक होते हे खरं, पण लाटणं, भांडी, झाडलोट यांत पायांवर वाढतं वजन कधी येत नाही, आणि पाळी थांबल्यानंतरच्या वर्षांत हाडं वेगानं विरळ होतात तेव्हा नेमकं तेच लागतं. त्यांना वेळ नाही हीही खरी गोष्ट. म्हणून त्यांच्यासाठी खुंटी कुकरची: पहिली शिट्टी होईपर्यंत टाचा, दुसरी होईपर्यंत ओट्यावरचे जोर.

मांडी घालून काम करणारे चप्पल कारागीर आणि सोनार एका बाबतीत नशीबवान आहेत, जमिनीवरून उठणं त्यांचं शाबूत असतं. बाकीच्यांनी दिवसातून एकदा तरी जमिनीवर बसून उठावं, लागला तर हाताचा आधार घ्यावा. डायनिंग टेबल घरात आलं की ही कला दहा वर्षांत जाते, आणि गेल्यावर पडलेल्या माणसाला स्वतःहून उठता येत नाही.

चालणं

आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा तास. वेग असा, की बोलता यावं पण गाता येऊ नये. मिनिटाला साधारण १०० पावलं पडतात. सलग अर्धा तास मिळत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे चालतात. शॉप फ्लोअरवरचं चालणं थांबत-थांबत असतं, त्याला यात पूर्ण धरू नका. रंकाळ्यावर गप्पा मारत रमतगमत केलेली फेरी मनासाठी उत्तम, पण तिच्यातली निदान दहा मिनिटं गप्पा तुटतील अशा वेगानं जाऊ द्या.

कोल्हापुरात या सवयीचा खरा शत्रू पाऊस. जूनमध्ये तुटलेलं चालणं ऑक्टोबरपर्यंत परत येत नाही. पावसाळ्याची खुंटी मेमध्येच ठोकून ठेवा: घरातला जिना, अपार्टमेंटचं पार्किंग, नाहीतर एका जागी उभं राहून गुडघे उचलणं. पायरी ओली असेल तर तीही नको. चालणं चुकलं तर भरून निघतं, खुब्याचं हाड मोडलं तर निघत नाही.

चहा, डबा आणि रस्सा

दोन चमचे साखरेचे पाच चहा म्हणजे ४० ते ५० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५० ग्रॅमची वरची मर्यादा सांगते आणि शक्यतो २५ च्या आत राहा म्हणते. म्हणजे जेवण बाजूलाच, चहानंच कोटा भरला. 'आम्ही गुळाचा पितो' हे उत्तर कोल्हापुरात हमखास येतं. गूळ इथला, चांगला, मान्य. पण रक्तातल्या साखरेच्या दृष्टीनं गूळ साखरेचा सख्खा भाऊच. एकदम बिनसाखरेवर जाणारे चौथ्या दिवशी परत येतात. दर आठवड्याला पाव चमचा कमी करा, जीभ दोन महिन्यांत सरावते. टपरीवर तयार गोड चहाच मिळत असेल तर कपच कमी करा. सुट्टी घ्यायची, माणसांत बसायचं, चहा मात्र एकाआड एक.

डब्यात भाकरी-भाजी असते, प्रथिनं कमी पडतात. ६० किलोंच्या माणसाला रोज किमान ५० ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि साठीकडे झुकताना किलोमागे एक ग्रॅम धरलं तर बरं, म्हणजे ६०. दोन ज्वारीच्या भाकऱ्यांत १० ते १२ ग्रॅम येतात, पालेभाजीत नावापुरती. त्यात भर घाला: उकडलेलं अंडं ६, वाटीभर मटकीची उसळ ७ ते ९, मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे ६ ते ७, वाटीभर दही ५, पेलाभर म्हशीचं दूध ९ ग्रॅमच्या आसपास. दूध कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध पिण्याची हौस ज्याची त्याला, पण न उकळलेल्या दुधातून आजार येऊ शकतात; उकळून घ्या. एका वेळच्या जेवणात २० ग्रॅमच्या आसपास आलं की स्नायूंना ते नीट वापरता येतं. रात्री अर्धा किलो मटण खाऊन दिवसभराची भरपाई होत नाही. आणि हो, पांढरा रस्सा चार वाट्या ओरपला म्हणून प्रथिनं मिळाली असं समजू नका. ती फोडीत असतात. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवावीत.

मिसळ सोडायची गरज नाही. उसळ जास्त, कट कमी, फरसाण अर्धं, ब्रेड दोनच स्लाइस; सांगितलं तर कुठलाही मिसळवाला देतो, फक्त सांगायची लाज सोडावी लागते. मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, भडंग सगळं आलं. घरच्या कांदा-लसूण चटणीत मीठ असतंच, तेव्हा भाजीत वरून घालताना हात आखडता.

इथं घरची खुंटी अशी: डबा भरण्याची वेळ निवृत्तीनंतरही मोडू नका. घरीच असला तरी साडेबाराला डबा भरल्यासारखं ताट वाढून घ्या. ठरलेली वेळ गेली की माणूस दिवसभर थोडं-थोडं चरत राहतो आणि वजन तिथं चढतं.

शिफ्टची झोप

थर्ड शिफ्टवाल्याला 'रात्री लवकर झोपा' सांगणं म्हणजे चेष्टाच. त्याच्यासाठी वेगळा क्रम लागतो.

शिफ्टच्या आधी दुपारी दीड तास झोप. चहा फक्त शिफ्टच्या पहिल्या अर्ध्यात. झोपायच्या आधीच्या सहा तासांत नाही, कारण प्यालेल्या चहातलं निम्मं कॅफिन पाच तासांनंतरही अंगात असतं. पहाटे तीन-चारला डुलकी येतेच. सुट्टीत २० मिनिटं टेबलावर डोकं ठेवा, जास्त नको. जास्त झाली तर जाग आल्यावर डोकं जड होतं आणि मशीनवर तेच धोक्याचं. सकाळी घरी येताना गॉगल लावा, ऊन डोळ्यांत गेलं की शरीर दिवस सुरू झाला असं धरतं. पण डोळे मिटत असतील तर हायवेला दुचाकी काढूच नका, बस किंवा कुणाच्या तरी मागं बसा. घरी हलका नाश्ता, खिडकीला जाड पडदा किंवा चादर, फोन दुसऱ्या खोलीत, आणि घरच्यांशी करार: दुपारी दोनपर्यंत बेल आणि कुकर दोन्ही बंद.

शिफ्ट फिरवणाऱ्यांनी सकाळ, दुपार, रात्र असा पुढचा क्रम ठेवावा. उलटा क्रम शरीराला जड जातो.

दिवसपाळीवाल्यांसाठी एकच खुंटी पुरे: उठण्याची वेळ. रविवारीही ती तासाभराच्या आतच हलू द्या. निवृत्तीनंतर सर्वांत आधी हीच वेळ घसरते आणि तिच्यामागून बाकीचं सगळं. मोठ्यानं घोरणं, झोपेत श्वास अडकणं आणि दिवसा पेंगणं हे तिन्ही असेल तर तपासणी करून घ्या. तो नुसता थकवा नसतो.

जे परत मिळत नाही: कान आणि फुफ्फुसं

पाय साठीतही सुधारतात. गेलेलं ऐकू येणं आणि सिलिकानं, म्हणजे वाळूच्या बारीक धुळीनं, खराब झालेलं फुफ्फुस सुधारत नाही. म्हणून कारखान्यातल्यांनी वरचं सगळं पुढं ढकललं तरी हा भाग आजच वाचावा.

हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज ८५ डेसिबलच्या आसपास किंवा वर आहे असं समजा. इचलकरंजीतल्या मागांच्या शेडमध्ये आणि फेटलिंगच्या, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करण्याच्या, कोपऱ्यात हीच स्थिती असते. फोमचे इअरप्लग नुसते कानाच्या तोंडाशी अडकवले तर उपयोग नाही. स्वच्छ बोटांनी वळून बारीक करा, उलट्या हातानं डोक्यामागून कान वर आणि मागं ओढा, प्लग आत सारा, आणि तो फुगेपर्यंत २०-३० सेकंद बोटानं धरून ठेवा. आपलाच आवाज आतून घुमल्यासारखा ऐकू आला की बसला.

फौंड्रीच्या वाळूची जी धूळ डोळ्यांना दिसते ती त्रासदायक, पण जी दिसत नाही ती फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाते. रुमाल आणि गमछा ती अडवत नाहीत. एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क हवा, नाकावरची पट्टी दाबलेली हवी, आणि दाढी असेल तर तो कडेनं गळतो. शिफ्ट संपताना कॉम्प्रेसरच्या हवेनं कपडे झटकायची पद्धत सगळीकडे आहे आणि ती सगळ्यांत वाईट आहे, खाली बसलेली धूळ पुन्हा नाकाशी येते. फरशी पाणी मारून झाडा. कामाचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका. सिलिकाच्या धुळीत काम करणाऱ्याला क्षयरोगाचा धोकाही जास्त असतो. दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर थुंकी तपासा. वर्षातून एकदा छातीचा एक्स-रे, फुंकून करायची फुफ्फुसाची चाचणी आणि कानांची तपासणी करा, आणि कागद स्वतःजवळ ठेवा. निवृत्तीनंतर काही दावा करायची वेळ आली तर तेच कागद उपयोगी पडतात.

भट्टीजवळ तहान लागायची वाट बघू नका, दर २० मिनिटांनी पेलाभर पाणी. खूप घाम गेला तर ओआरएस. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. रक्तदाब किंवा साखरेचा आजार असणाऱ्यांनी हे रोजचं पेय करू नये.

टेबलावरच्यांसाठी थोडक्यात

पाय जमिनीवर टेकलेले, कोपर टेबलाच्या पातळीला, स्क्रीनचा वरचा काठ डोळ्यांसमोर, अंतर हाताएवढं. पाय लोंबत असतील तर खाली लाकडी पाट. उत्तम खुर्चीतही तीन तास सलग बसलात तर पाठ दुखणारच, म्हणून पाण्याची बाटली अर्धा लिटरचीच ठेवा; भरायला उठावं लागतं. उभ्यानं काम करणाऱ्यांनी एक पाय आलटून-पालटून १०-१५ सेंटिमीटर उंचीच्या ठोकळ्यावर ठेवावा.

मावा

मावा सुटत नाही तो निकोटिनमुळं, आणि हातावर आयता मळून देणाऱ्यामुळंही. तारीख ठरवा, आणि आधी देणाऱ्याला सांगा: 'मामा, सोमवारपासून मला देऊ नका, मागितला तरी नको.' तलफ तीन-पाच मिनिटांत ओसरते; तेवढा वेळ लवंग, बडीशेप, पाणी, नाहीतर मशीनभोवती एक चक्कर. पहिले तीन-चार दिवस चिडचिड होणार, घरच्यांना आधी कल्पना द्या. १८०० ११ २३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवडे न भरणारी जखम, किंवा तोंड तीन बोटांएवढं उघडत नसणं यातलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात दाखवा. मिश्रीही तंबाखूच आहे, दात घासायची पूड नव्हे.

मालकानं काय करावं

२१ जूनला, योग दिनी, चटया अंथरून फोटो काढले की वर्षभराचं काम झालं असं मानणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत. पंधरा माणसांच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपलाही यापेक्षा जास्त करता येतं. सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नको, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती, उभ्यानं काम करणाऱ्यांना बसायची सोय, या गोष्टी १९४८ च्या कारखाना कायद्यातच लिहिलेल्या होत्या, उपकार नव्हेत. बायकांसाठी कडी लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह करा; ते नसलं की त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि लघवीचा जंतुसंसर्ग ओढवून घेतात. दंडाला बांधायचं रक्तदाबाचं यंत्र आणून ठेवा, महिन्याच्या पहिल्या सोमवारी ज्याला हवं त्यानं मोजावं, पण आकडे फळ्यावर लावू नका. ज्याचा आकडा चारचौघांत वाचला जातो तो पुढच्या महिन्यात रांगेत नसतो.

मन खचलं, झोप उडाली, कामावर यावंसंच वाटत नाही, तर १४४१६ या टेली मानसच्या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. हा क्रमांक नोटीस बोर्डापेक्षा स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. तिथं तो कुणी बघत नसताना टिपून घेता येतो.

वर्षातून एकदा

चाळिशीनंतर रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), लघवी आणि डोळे. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर आहात. १२६ किंवा ६.५ आणि त्यापुढं मधुमेह, पण एका आकड्यावर शिक्का न मारता पुन्हा तपासून घ्या. पूर्ण शाकाहारी असाल किंवा मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर बी-१२ ही बघा. तारीख लक्षात राहावी म्हणून वाढदिवसाच्या आठवड्यात करा. वाढदिवस निवृत्त होत नाही.

सराव-रजा

निवृत्तीला दोन वर्षं उरली की आठ दिवसांची रजा काढा, पण लग्नकार्याला नाही, गावालाही नाही. घरीच राहा आणि निवृत्त झाल्यासारखं वागा. रोज रात्री वहीत लिहा: किती वाजता उठलो, किती चाललो, जेवण किती वाजता, घराबाहेरच्या किती माणसांशी प्रत्यक्ष बोललो.

शेवटची ओळ बहुतेकांची कोरी निघते. कामावरची मैत्री कामाच्या जागेवर टांगलेली असते, तिलाही दुसरी खुंटी लागते. तालमीचा कट्टा, तरुण मंडळाचा हिशेब, वाचनालय, देवळातलं भजन, शेजारच्या पोरांचा अभ्यास, काहीही चालेल. अट दोनच, वार ठरलेला असावा आणि आपण गेलो नाही तर कुणीतरी 'काय झालं, आला नाहीत?' म्हणून विचारणारं असावं.

आठव्या दिवशी वही घेऊन बसा. जी सवय रजेत टिकली तिच्यापुढं बरोबरची खूण करा. जी मोडली तिच्यापुढं लिहा की ती कामावरच्या कुठल्या गोष्टीवर टांगलेली होती: भोंगा, बसची वेळ, कॅन्टीन की शेजारच्या मशीनवरचा माणूस. प्रत्येकीला घरातली एक खुंटी शोधा, पुढच्या सोमवारपासून त्यातली एकच बदला, आणि सहा महिन्यांनी पुन्हा आठ दिवसांची रजा टाका.